तिसरा दिवस उजाडण्याआधी

शुक्रवारी दुपारी, नमाजानंतर तासाभराने, वाळवंटाच्या दक्षिण भागात भाड्याची एक जीप रिकामी सापडली. टायर शाबूत, टाकीत पेट्रोल. मागच्या सीटवर सिनावच्या बाजारातली खरेदी होती: दोन शाली, एक चांदीची अंगठी, उंटाच्या गळ्यातला लाल गोंडा. चालवणारा नव्हता.

उंटपाळ हुमैद बिन सुवैलिमने जीप लांबूनच ओळखली. ती इवारची. साठीचा हा नॉर्वेचा माणूस एकटाच फिरायला आला होता. मोडकीतोडकी अरबी बोलायचा. दोन रात्री हुमैदच्या तंबूत राहून त्याच दिवशी पहाटे निघाला होता.

"काका, कुठे चालला होता तो?" हवालदार सैफने विचारलं.

"माहीत नाही."

"दोन दिवस जेवलात एका ताटात, आणि विचारलं नाहीत?"

"तिसरा दिवस कुठे उजाडला होता?"

सैफने वही मिटली. तोही इथलाच. तीन दिवस पाहुण्याला खाऊ घालायचं. कुठून आलास, कुठे जाणार, विचारायचं नाही. विचारलं, की निघायला सांगितल्यासारखं होतं.

हुमैदची थोरली बहीण रय्या मात्र गप्प बसली नाही. "उंटिणीच्या सात पिढ्या विचारतोस, आणि माणसाला एक शब्द नाही?"

"उंटीण पाहुणी नसते, आपा."

"खरं सांग. तो जाईल म्हणून विचारलं नाहीस."

हुमैदचे मुलगे मस्कतला असतात, ईदला येतात. त्या दोन दिवसांत इवार वाळूच्या टेकडीवरून लोळत खाली आला होता आणि हुमैद, कित्येक महिन्यांनी, मोठ्याने हसला होता. कॉफी पुरे झाली की पेला हलवायचा असतो, नाहीतर यजमान भरतच राहतो, हे त्याने इवारला सांगितलं नव्हतं. पेला भरत होता, तोवर इवार बसत होता.

शनिवारी वारा सुटला. जीपभोवतीच्या पाऊलखुणा बुजल्या. शोधाला आलेलं हेलिकॉप्टर परत फिरलं.

रविवारी किनाऱ्याकडच्या एका शेळीवाल्याने निरोप पाठवला: विहिरीवर एक गोरा म्हातारा पाणी पिऊन गेला. कधी? शुक्रवारी, किंवा शनिवारी. त्याला नक्की आठवत नाही.

सोमवारी सकाळी शोधपथक त्या विहिरीवर पोहोचलं. हुमैद त्यांच्याबरोबर आहे. विहिरीपासून बुटांचे, वारा पडल्यानंतरचे ठसे समुद्राच्या दिशेने जातात. खडक सुरू होतो, तिथे ते दिसेनासे होतात.