इथे कुत्र्यांना मारत नाहीत

फाटकावर पाटी होती : ‘इथे कुत्र्यांना मारत नाहीत.’ मास्तरांनी ती स्वतः रंगवली होती, आणि ती शंभर टक्के खरी होती. ज्यांच्यापुढे लोकांनी हात टेकले अशी कुत्री त्यांच्याकडे येत. एखादं पाहुण्यांच्या पोटऱ्या धरणारं, एखादं नुसता झाडू बघून मुतणारं. शिवी नाही, काठी नाही, दोन-तीन महिन्यांत मास्तर त्यांना माणसांत आणून सोडत. ‘कुत्र्यांचे मास्तर’ म्हणून गावभर त्यांचं नाव होतं.

आणि या मास्तरांची आठ वर्षांची एकुलती एक लेक कुत्र्यांना भीत असे. लाडाचं नाव मनी, त्यामुळे गिऱ्हाइकांना थट्टेला आयतंच निमित्त मिळे. वर्षभरापूर्वी दुकानातून पेन्सिल घेऊन येताना एका मोकाट कुत्र्याने तिला खाली पाडून पोटरीचा लचका तोडला होता. जखम महिन्याभरात भरून आली, भीती मात्र होती तिथेच राहिली. मागच्या अंगणात कुत्र्यांचे जाळीचे पाच पिंजरे होते. तिकडची खिडकी ती कुणाला उघडू देत नसे. साखळी वाजली की भरल्या ताटावरून उठे. झोपेत अंथरूण ओलं करी. आई ती चादर गुपचूप धुऊन टाके, कारण मास्तरांच्या नजरेला पडली तर मनीच्या पाठीत धपाटा ठरलेला.

हो, धपाटा! कुत्र्यांना चुचकारणारा हा माणूस लेकीवर बिनदिक्कत हात उचलायचा. मंडळी, खरं सांगा, आपल्यातल्या किती जणांना यात काही वावगं वाटतं? शेजारच्या घरात पोराला फटके बसू लागले की आपण फार तर टीव्हीचा आवाज वाढवतो.

एका रविवारी सकाळी अंगणात तीन-चार गिऱ्हाइकं जमली होती. मनी आईला शोधत मागच्या दारात आली, तिला बेकरीवाल्याचं वीतभर पिल्लू दिसलं आणि ती किंचाळून आत पळाली. बेकरीवाला हसत म्हणाला, “मास्तर, आधी घरचं पिल्लू शिकवा की!” सगळे हसले. मास्तरही हसले, पण त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

गिऱ्हाइकांना वाटेला लावून ते आत आले. मनी टेबलाखाली बसली होती. त्यांनी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि तसंच फरफटत अंगणात नेलं. बायको आडवी आली. तिला त्यांनी असं ढकललं की तिचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. दहा मिनिटं कुत्र्याजवळ बसली की हिची भीती कायमची जाईल, एकदाच काय ते होऊन जाऊ दे, असं ते ओरडत होते. शेवटच्या पिंजऱ्यात दगडू होता. सगळ्यांत म्हातारा, सगळ्यांत शांत, अंगावर मांजर चढलं तरी न हलणारा. मास्तरांनी विचार केला तो एवढाच. त्यांनी लेकीला आत लोटलं आणि बाहेरून कडी घातली.

मनी जाळीवर धडका मारू लागली. तारेने तिची बोटं फाटली. दगडू दचकून उठला आणि वास घ्यायला पुढे आला. पाण्याचं जाड स्टीलचं भांडं तिच्या हाताला लागलं. तिने ते त्याच्या तोंडावर हाणलं, पुन्हा हाणलं, पुन्हा पुन्हा हाणलं. कुत्रं मागे सरकलं, पण मागे भिंत होती. मग त्याने झेप घेतली आणि तिचा हात कोपराखाली जबड्यात धरला.

स्वतःच घातलेली कडी मास्तरांना घाईत निघेना. अखेर दार उघडलं. कोपऱ्यातली लोखंडी सळई उचलून ते आत शिरले. पहिला घाव दगडूच्या डोक्यात बसला, दुसरा डोळ्यावर. दुसऱ्या घावालाच त्याने मनीचा हात सोडला होता, तरी मास्तर मारतच राहिले. भिंतीवर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या. बायकोने मागून सदरा ओढला आणि ती ओरडली, “अहो, पोर बघा आधी!”

दवाखान्यात अकरा टाके पडले. टाके घालताना मनी रडली नाही. पण तिला उचलून घ्यायला मास्तर पुढे झाले, तेव्हा तिने धड असलेला हात झटकन डोक्यावर आडवा धरला, मार चुकवायला धरतात तसा. नर्सने मास्तरांकडे पाहिलं आणि मुलीला आईच्या कडेवर दिलं.

घरी आल्यावर ती बापासमोर बोलेनाशी झाली. त्यांच्या चपलांचा आवाज आला की कपाटामागे जाऊन उभी राही. बायकोने आठवडाभर पाहिलं आणि एका सकाळी शांतपणे सांगून टाकलं, “ती आता कुत्र्यांना कमी आणि तुम्हाला जास्त भिते. महिनाभर बघते. फरक पडला नाही, तर तिला घेऊन मी भावाकडे जाणार. कायमची.”

त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाई दगडूच्या जखमा पुन्हा बघायला आल्या. वीस वर्षांची ओळख, त्यामुळे आडपडदा नव्हता. दगडूचा एक डोळा गेला होता. मास्तरांनी साधा घाम पुसायला हात वर केला, तर तो जमिनीला चिकटून विव्हळू लागला. बाईंनी विचारलं, “याचा विश्वास परत कसा बसवणार?”

या प्रश्नाचं उत्तर मास्तरांना झोपेतही देता आलं असतं. पंधरा पावलांवर पाठ करून बसायचं. त्याच्याकडे बघायचं नाही, हाक मारायची नाही. रोज यायचं, रोज तेवढ्याच वेळाने उठायचं. तो आपणहून एक पाऊल पुढे आला तर ते त्याचं पाऊल, आपण पुढे सरकायचं नाही.

“किती दिवस लागतील?”

“दोन महिने. जास्तच.”

“आणि घाई केली तर?”

“मग कायमचा गेला, बाई. भ्यालेल्या जनावरावर जबरदस्ती करायची नसते.”

बाईंनी औषधाची बाटली बंद केली. “कुत्र्याला दोन महिने देता, मास्तर. मनीला दहा मिनिटं दिलीत, आणि तीही कडी लावून. भीती म्हणजे काय, हे तुमच्याइतकं या गावात कुणालाच कळत नाही. जगाची कुत्री तुम्ही माणसांत आणलीत. पोरीचं भिणं दिसलं की तुम्हाला तिची भीती दिसतच नाही, स्वतःचं कापलेलं नाक तेवढं दिसतं.”

बाई गेल्यावर मास्तर दगडूच्या पिंजऱ्याबाहेर बसून होते आणि त्यांना रडू आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ते मनीच्या खोलीबाहेर, उंबऱ्यापासून लांब, पाठ करून बसू लागले. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास. तोंडातून शब्द नाही. पहिले दहा दिवस आतून चाहूलही लागली नाही. मग वही उघडल्याचा आवाज येऊ लागला, मग रंगपेटीचा. महिना भरला तरी मनी बापाशी बोलली नव्हती, पण एवढा फरक पाहून बायकोने बॅग काढली नाही.

पस्तिसाव्या दिवशी पाठीमागून आवाज आला.

“बाबा, तुम्हाला कशाचीच भीती वाटत नाही?”

नेहमीचे मास्तर असते तर छाती पुढे काढून नाही म्हणाले असते. पण त्यांनी मान खाली घातली. “वाटते. त्या दिवशी मी फार घाबरलो होतो. तू मरशील असं वाटलं. म्हणून तर सळई उचलली.”

मनीने विचारलं, “मग तुम्हाला कुणी कोंडलं?”

मास्तर म्हणाले, “कुणी नाही, बाळा. तुला मी कोंडलं. माझं चुकलं. पुन्हा तुझ्यावर हात उचलणार नाही.”

ती लगेच धावत येऊन गळ्यात पडली नाही. मंडळी, गोष्टींत पोरं तशी पडतात, खऱ्या घरात वेळ लागतो. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि वही मांडीवर घेऊन तिथेच बसली. तिच्या आणि बापाच्या मध्ये अजून पाच-सहा पावलं होती. मास्तर जागचे हलले नाहीत.

भित्र्या मुलाला शूर करण्याची आपल्याला केवढी घाई असते! चारचौघांत ते रडलं की आपल्याला लाज वाटते, आणि त्या लाजेपायी आपण त्याला अंधारात, पाण्यात, पिंजऱ्यात ढकलतो. वर त्याला शिकवण म्हणतो. माराने भीती जात नाही, ती मारणाऱ्याच्या नावावर चढते. मूल घाबरलं तर त्याला हसू नका, ओढू नका. जवळ बसा, आपणही घाबरतो हे त्याला सांगा, आणि पुढचं पाऊल त्याचं त्याला टाकू द्या.