विशेषणावर हरकत

लॉयड पेल्कींनी उभी हयात शब्दकोशाच्या कचेरीत घालवली. एक विशेषण त्याच्या भावंडांहून वेगळं कसं, हे सांगणारा जो छोटा परिच्छेद अर्थाखाली छापलेला असतो, तो लिहिण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या मॅसॅच्युसेट्समध्ये कोणी नव्हता. घरीही तेच. लहानपणी त्यांची मुलगी मार्गो रडत आली की ते आधी विचारत, "राग आलाय की अपमान वाटतोय?" ते ठरेपर्यंत पोरीचं रडू आटून जाई.

आता ते ऐंशीच्या पुढे गेले होते आणि एकटे राहत होते. शेगडी पेटती ठेवून दार ओढून घ्यायचे आणि फिरायला निघून जायचे. मागच्या महिन्यात पडद्याने पेट घेतला, शेजाऱ्यांनी धावत येऊन विझवला. राजीखुशीने ते हलणारे नव्हते. म्हणून मार्गोने कोर्टात अर्ज केला, की वडिलांची जबाबदारी माझ्याकडे द्या, म्हणजे मला त्यांना माझ्या घरी नेता येईल. डॉक्टरांनी दाखल्यात 'मध्यम विसराळूपणा' लिहून दोन दगडांवर पाय ठेवले होते. वकिलाने मात्र अर्जात सरळ 'हेल्पलेस' लिहिलं.

सुनावणीत न्यायाधीश टिल्सनबाईंनी तो शब्द मोठ्याने वाचला आणि पेल्की उठून उभे राहिले.

"बाईसाहेब, माझी विशेषणावर हरकत आहे."

टिल्सनबाई शाळेपासून त्यांच्याच शब्दकोशावर वाढलेल्या. त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "बोला, मिस्टर पेल्की."

"हेल्पलेस म्हणजे तान्हं मूल. भूक लागते, पण बाटली तोंडापर्यंत नेता येत नाही. डिफेन्सलेस माणूस तसा ठणठणीत असतो, फक्त वार झाला तर आडवं धरायला त्याच्याकडे काही नसतं. पॉवरलेस माणसाचे हातपाय धड असतात, त्याला सगळं दिसतं, सगळं कळतं. त्याचं कोणी ऐकत नाही, एवढंच." त्यांनी बो टाय चाचपला. "हा टाय आज मी स्वतः बांधलाय. मग पहिला शब्द मला कसा लावता?"

"बाबा, टाय मी बांधला. आत्ता, गाडीत," मार्गो म्हणाली. तिचं तिलाच ते किरकिऱ्या पोरीसारखं वाटलं. "बाईसाहेब, त्यांना आजची तारीख तरी विचारा."

टिल्सनबाईंनी विचारली.

"तारीख मला नोकरीत असतानाही सांगता यायची नाही," पेल्की म्हणाले. "त्यासाठी आम्ही भिंतीवर कॅलेंडर लावायचो."

सगळं कोर्ट हसलं. मार्गोने शेगडीचं सांगितलं, पडद्याचं सांगितलं. "माझ्याही हातून पातेली करपतात हो," टिल्सनबाई म्हणाल्या. इतकं नेमकं बोलणाऱ्या माणसाचा निर्णय दुसऱ्याने घ्यावा हे आपल्याला पटत नाही, असं सांगून त्यांनी अर्ज फेटाळला आणि उठून पेल्कींशी हात मिळवला. शहाणी माणसं चांगल्या भाषेपुढे अशी विरघळतात, त्याला इलाज नाही. शब्द सोडून बाबांजवळ काही उरलेलं नाही, हे मार्गोला ओरडून सांगायचं होतं. पण ती जे काही बोलली असती, ते वडिलांनी तिच्यापेक्षा चांगलं बोलून खोडून काढलं असतं.

तिने त्यांना त्यांच्या घरी आणून सोडलं, सूप गरम करून दिलं, शेगडी बंद असल्याची खात्री केली. निघावं की थांबावं ते तिला कळेना. तेवढ्यात पेल्कींनी चमचा खाली ठेवला आणि अदबीने तिच्याकडे पाहिलं.

"बाई, तुमच्याजवळ फोन आहे का? माझ्या मुलीला एक निरोप द्यायचाय. उद्या कोर्टात ती मला हेल्पलेस म्हणणार आहे."

मार्गोने पर्समधून फोन काढला. "काय सांगू तिला?"

"सांगा, शब्द बरोबर आहे. याहून नेमका मलाही सुचला नसता." त्यांनी आवाज खाली आणला. "पण तिथे चार लोकांत मी तो कबूल करणार नाही. मी बोलायला उभा राहिलो, की मला बोलू देऊ नकोस म्हणावं."