आप्पासाहेबांची भूल

मिरजगावच्या आप्पासाहेबांचा अंतर्गळ वीस वर्षांचा जुना आणि राग त्याहूनही जुना. एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात नगरच्या एका दवाखान्यात अंतर्गळाचं ऑपरेशन झालं. गावात नवराबायकोचं भांडण झालं की मिटवायला लोक आप्पासाहेबांनाच बोलवत. स्वतःच्या बायकोला, मालनबाईला, मात्र सत्तेचाळीस वर्षांत त्यांनी 'ए' सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले. मालनबाई पाणी घेऊन पुढं झाली, तसे ते अंग चोरून म्हणाले, "बाई, तुमी कशाला तरास घेता? बसा. जेवन झालं का?"

मालनबाईनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच बाई नव्हती.

मुलगा कारभारी घाबरला. डॉक्टर म्हणाले, "सत्तरीच्या माणसाची भूल लवकर उतरत नाही. एक-दोन दिवस त्यांना माणसं ओळखू येणार नाहीत. जवळ बसून बोलत राहा."

कारभारीनं बापाच्या कानाशी तोंड नेलं. "बा, ही आई हाय."

"कुनाची?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"तू च्या पिऊन ये," मालनबाई मुलाला म्हणाली आणि स्टुलावर टेकली.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनीच बोलणं काढलं. "मालक काय करत्यात तुमचं?"

"शेती. आन् वरडत्यात."

"कुनावर?"

"माझ्यावर. भाकर करपली तरी, न्हाई करपली तरी. येकदा ताट फेकून मारलं." तिनं पदर सारून भुवईवरचा वण दाखवला.

आप्पासाहेबांनी तो नीट निरखला. त्यांना फार वाईट वाटलं. "असल्याला मानूस म्हनू न्हाई. माझ्याकडं धाडा त्याला. चार मानसांत उभा करतो, तुमच्या पाया पडाय लावतो."

"यील का त्यो?"

"न यायला काय झालं? माझं नाव सांगा."

मालनबाईला हसू आलं, मग रडू आलं. दोन्ही तिनं पदरातच दाबलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच घोटाला आप्पासाहेबांनी कप आदळला. "ए, ह्यो च्या हाय का गुळवनी?"

"बा शुद्धीवर आला," म्हणत कारभारी आनंदानं डॉक्टरांना आणायला पळाला. डॉक्टरांनी मालनबाईकडं बोट करून विचारलं, "या कोण?"

"ही व्हय? ही घरचीच हाय," आप्पासाहेब तिच्याकडं न बघताच म्हणाले. डॉक्टरांनी कागदावर 'पूर्ण शुद्धीवर' असं लिहिलं आणि ते पुढच्या खाटेकडं गेले.

दुपारी आप्पासाहेबांनी हळूच विचारलं, "भुलीत मी काय बरळलो का?"

"न्हाई. येका बाईचं गाऱ्हानं ऐकून घेतलं. तिच्या नवऱ्याला समज देतो म्हनालात."

"मग देनारच. कोन हाय त्यो?"

"आपल्याच गावचा हाय."

"घरी गेल्याव धाड त्याला."

"धाडते," मालनबाई म्हणाली.

मग उशी वाकडी ठेवली म्हणून ते तिच्यावर डाफरले. तिनं ती सरळ केली.