दुकान तुमचंच समजा

महलका खानुमने जड सीपीयू काउंटरच्या काचेवर असा आदळला की दुकानदार कियूमर्सच्या चहाच्या पेल्यातला चमचा वाजला. टॅक्सीतून उतरल्यावर बाजाराचा अख्खा बोळ तिने तो छातीशी धरून आणला होता. तळपायाची आग मस्तकात गेली की पन्नाशीच्या बाईलाही असं बळ येतं.

मंगळवारी ती याच दुकानात आली होती. कॉम्प्युटरच्या बोर्डाचं नाव, नंबर, आत कोणत्या जातीची रॅम आहे, सगळं कागदावर टिपून आणलं होतं. कियूमर्सने तो कागद वाचला नाही, त्यावर पेला ठेवला. वर म्हणाला, "खानुम, या म्हाताऱ्याला आता कसली रॅम पाजताय? नवा घ्या."

नवा घेता आला असता तर ही इथे कशाला झक मारायला आली असती? ज्या प्रोग्रॅमवर ती गालिच्यांची नक्षी काढते, त्याची किल्ली, म्हणजे जिच्याशिवाय तो उघडत नाही ती खुंटी, कॉम्प्युटरच्या मागे जुने प्रिंटर जोडायच्या भोकात बसते, आणि नव्या कॉम्प्युटरांना ते भोकच नसतं. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कधीच वारला. तिने हे सांगितलंही. पण दुकानदाराचे कान फक्त पाकिटाच्या आवाजाला उघडतात. त्याने चार जीबीची एक पट्टी तिच्या हातावर ठेवली. "दोन-दोनच्या दोन घेण्यापेक्षा ही एक स्वस्त. डोळे मिटून घ्या." तिने डोळे मिटून घेतली. तेवढी चूक तिचीच.

घरी पट्टी बसवली तर पडदा काळा आणि आतून पीं-पीं. काढली, खोडरबरने पुसली, पुन्हा बसवली. पुन्हा पीं-पीं. मग फोनवर शोधल्यावर कळलं की ही स्वस्तातली पट्टी दुसऱ्याच जातीच्या प्रोसेसरवर चालते. हिच्या बोर्डाला दोन-दोन जीबीच्या दोन हव्यात. ते बोर्डाच्या नावावरून कुणालाही कळलं असतं. कागद वाचला असता तर.

आणि तिकडे माग थांबला होता. गिऱ्हाइकाने गालिचा दीडपट मोठा मागितला, नक्षीची फाइल फुगली आणि एक जीबीच्या जुन्या रॅमवर ती उघडेना, आणि ओळीओळीच्या गाठी वाचून दिल्याशिवाय विणता येईना. मागावर विणकरीण तूबा आणि तिच्या दोन मुली तीन दिवस हात बांधून बसल्या होत्या. माग असाच बंद राहिला तर शनिवारपासून तूबाला दुसऱ्या मागावर बोलावणं होतं. ती उठली तर अर्धा गालिचा दुसऱ्या हाताने विणावा लागणार, आणि काशानसारख्या गालिच्यांच्या गावात शेंबडं पोरही सांगेल की हात कुठे बदलला. असा गालिचा कोणी घेत नाही. आज गुरुवार, उद्या शुक्रवारची सुट्टी, बाजार बंद.

"तुम्ही नीट बसवली नसेल," कियूमर्स म्हणाला. "बायकांना जोर लावायची भीती वाटते."

"आगा, तुम्ही चड्डीत फिरत होतात तेव्हापासून मी हे यंत्र उघडतेय. बसवा तुम्ही, बघू तुमचा जोर."

त्याने बसवली. पीं-पीं. दुकानातली चार-पाच गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. विकलेला माल परत घेत नाही, असं तो पुटपुटला. पण माणसं ऐकताहेत म्हटल्यावर त्याची जीभ मधात बुडाली. छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "रागावता कशाला, खानुम? तुमच्यापुढे पैशांचं काय मोल? दुकान तुमचंच समजा."

असं सगळेच म्हणतात. ऐकणाऱ्याने "तुमची कृपा" म्हणायचं आणि गप घरी जायचं, ही रीत. आजवर कोणी ते खरं धरलेलं नाही.

"बरं," महलका म्हणाली आणि काउंटरमागे जाऊन त्याच्या खुर्चीवर बसली.

समोरच्या मास्तरासारख्या दिसणाऱ्या गृहस्थाच्या हातात तीच चार जीबीची पट्टी होती. तिने विचारलं, "बोर्ड कोणता तुमचा?" त्याने नाव सांगितलं. "मग ठेवा ती खाली. रात्रभर पीं-पीं ऐकत बसाल." त्याने ठेवली. शेजारच्याने न विचारताच आपलीही ठेवली.

"खानुम, हे काय चालवलंय?"

"माझं दुकान."

कियूमर्सचा चेहरा बिटासारखा झाला. दिलेला शब्द पाच जणांदेखत गिळणार कसा? त्याने खालचा खण ओढला आणि दोन जीबीच्या दोन पट्ट्या काढून ठेवल्या. म्हणजे होत्या. मंगळवारीही होत्या. मेल्याला खाली वाकायचा कंटाळा आला होता. महलकाला वाटलं, आता ओरडावं. पण तिने आधी ती चार जीबीची पट्टी उपटून काढली. पट्ट्या खाचेत दाबल्या, त्याचाच मॉनिटर जोडला आणि बटण दाबलं. पीं-पीं झालं नाही. फाइल उघडली, तळापासून माथ्यापर्यंत.

तिने फोन लावला. "तूबा, माग सोडलास का?"

"नाही, खानुम. पण त्यांचा माणूस आजच न्यायला आलाय. दारात उभा आहे."

"त्याला सांग, तुझ्या हातातलं काम चालू आहे. बस खाली. अकराशे चाळिसावी ओळ. तीन निळ्या, एक पांढरी, सात लाल..."

कियूमर्स हळूच म्हणाला, "खानुम, हे घरी जाऊन नाही का करता येणार? गिऱ्हाइकं खोळंबलीत."

महलकाने फोनवर हात ठेवला. "तिकडे तीन बाया तीन दिवस खोळंबल्या, आगा. तुमची एक ओळ खोळंबू दे."

आणि तिने ओळ पहिल्यापासून वाचली, सावकाश, एकेक गाठ.