तळेगावचा थांबा

लोक मले अजूनही इचारतात, "भैय्याजी, गंगा घेऊन येतानी वाटेत कोनाच्या घरी थांबलं त चालते का?" मी म्हन्तो, मले इचारू नका बाप्पा, दुसऱ्या कोनाले इचारा. त्याइले वाटते, बुढ्याचं डोकं फिरलं. फिरलंच हाय. पन ते ब्याऐंशी साली फिराले पायजे होतं.

तवा मी वर्ध्याच्या एका शेठची मेटाडोर भाड्यानं चालवत होतो. रोहण्याचे चौदा जन काशी-प्रयागले न्याचे होते. त्याइचे म्होरके महादेवराव, मोठा समजदार मानूस. अन् माह्या सीटच्या बराबर मांगं बसल्या रुख्माबाई, साठीच्या, एकट्या. त्याइची लहान बहीन अनुसयाबाई तळेगावले दिलेली, घर सडकेलेच लागून. जातानी आमी तिथी चाय पेलो. अनुसयाबाई आंगनात खाटेवर होती, पोटात पानी झालतं, डाक्टरनं हात टेकले होते. तिनं बहिनीचं मनगट धरलं अन् म्हने, "येतानी थांबजो वं बाई. तुह्या हातानं गंगा पाजजो, मंग मी मोकळी." मी दोन हातावर उभा होतो. माह्या कानानं आयकलं.

यात्रा झाली बरी. प्रयागले सगळ्याइनं गंगेचे गडू भरले अन् वरून कथलाची झाळ मारून तोंडं बंद करून घेतली. रुख्माबाईनं दोन घेतले. एक घरचा, अन् एक इवलासा, बहिनीसाठी.

परततानी रीवाच्या धरमशाळेत बुढी तो इवलासा गडूच इसरली. सात-आठ कोस पुढं आल्यावर लागली रडाले. आता काय करता? फिरवली गाडी. मी लय बोललो त्याइले. "धा दिवसापासून पाहून राह्यलो, इथी थांबवा, तिथी थांबवा! मी काय तुमच्या घरचा गडी हाय का?" बुढी सापडलेला गडू पदरात धरून बसली. माहा राग मातर उतरला नाई. मोठा वाईट राग हाय माहा, आंगात बसून राह्यते.

तिसऱ्या दिवशी तळेगाव आलं. दिवस चांगला कासराभर वर होता. घाई म्हनसान त काहीच नव्हती, खोटं कायले सांगू?

"भैय्याजी, थांबजा जरा," रुख्माबाई म्हने. "धा मिनिट. गडू तिच्या तोंडाले लावते अन् येते."

मांगून महादेवराव म्हने, "गंगा आधी आपल्या गावच्या मारुतीपाशी उतराव लागते म्हन्तात. वाटेत दुसऱ्याच्या घरात नेली त चालते का हो भैय्याजी? तुमी धा वर्सं यात्रा नेऊन राह्यले, तुमाले ठावं."

मले ठावं होतं. दोन सालाआंधी समुद्रपूरच्या लोकाइले घेऊन आलतो, तवा एकानं नागपुरात आपल्या बिमार लेकीले गंगा पाजली होती. कोनाचं काही बिघडलं नाई. मरत्या मानसाच्या तोंडात गंगा घालाले कोनता नियम आडवा येते? शेंबडं पोरगंही सांगन.

अन् मी म्हनलं, "नाई चालत. वाटेत झाळ फोडली त साऱ्याइची यात्रा वाया जाते."

आंगात बसलेल्या रागानं म्हनलं, दुसरं काही नाई. मले वाटलं, बुढी भांडन, दोन गोष्टी आयकवन, मंग थांबवतोच. पन रुख्माबाई हळूच म्हने, "नको मंग. माह्या एकटीपाई सगळ्याइचं कायले?"

घर आलं. अनुसयाबाईले उशीला टेकून बसवलं होतं, तोंड सडकेकडं. तिची सून हात हालवत पार सडकेवर आली. मी तिले हारन वाजवून बाजूले केली अन् गाडी दामटली. आरशात पाह्यलं, त रुख्माबाईनं खिडकीतून हात जोडले होते.

रोहण्यात बँड होता, गुलाल होता. गडू मारुतीपाशी उतरले. लोकाइनं मले जेवाले अन् रातच्या मुक्कामाले ठेवून घेतलं अन् मी हरामखोर पोटभर जेवलो.

सकाळी तळेगावचा मानूस आला. अनुसयाबाई दिवस बुडाल्यावर गेली होती. गाडी गेली, गाडी गेली, येवढंच म्हनत होती म्हने.

रुख्माबाईले मीच घेऊन गेलो. दुसरं काय करू शकत होतो? आंगनात बाया रडत होत्या, त्याइनं वाट करून देली. बुढी बहिनीच्या उशाशी बसली, पदरातून तो इवलासा गडू काढला अन् मान वर करून माह्याकडं पाह्यलं. साऱ्या मानसाइत मलेच इचारलं.

"भैय्याजी, आता चालते का? गंगा मारुतीपाशी उतरली ना आता?"

मी म्हनलं, "हाव माय. आता चालते."

झाळ फोडली. पानी तोंडात घातलं त आत गेलंच नाई, गालावरून उशीत उतरलं. रुख्माबाईनं पदरानं गाल पुसला, अन् जशी का जित्या मानसाले समजावते तशी बहिनीले म्हने, "रागावजो नको वं. भैय्याजी जानकार हायेत. त्याइनं सांगतलं नसतं त माह्या हातून चौदा जनाची यात्रा बुडाली असती."

मंग उरलेला गडू माह्याकडं केला. "घ्या. तुमचाही हक हाय."

तवा सांगाले पायजे होतं. लोक होते, मारलं असतं त मारलं असतं. मी ओंजळ धरली अन् पेलो.