इंडोनेशियाची तार

बिरदेवला मेंढरं विकायची नव्हती. पण वाडा सोडून त्याला वर्ष झालं होतं, आणि वाड्याबाहेरच्या धनगराला दुसरं काही करताही येत नव्हतं.

वाडा म्हणजे दगडी चिरेबंदी नव्हे. दिवाळी झाली की चाऱ्यासाठी मिळून निघणारी दहा-बारा घरं, म्हणजे वाडा. घोडी ज्याची त्याची, मेंढरं ज्याची त्याची. कुणाच्या रानात मेंढरं बसवायची हे मात्र सगळ्यांच्या वतीनं एकटा कारभारी ठरवतो. एकट्या घरानं भीमाकाठ धरला, तर शेतकऱ्याशी भांडायचं कुणी आणि लांडग्याशी कुणी, हा प्रश्न येतो.

गेल्या साली कारभारी शिवप्पानं मेंढरं एका रानात बसवली. बांधाला औषध फवारलं होतं, ते विचारायचं त्याच्याकडून राहिलं. बिरदेवची सात मेंढरं गेली. तेही त्यानं सोसलं. पण शिवप्पा सगळ्यांदेखत म्हणाला, "बाकीच्यांची कशी वाचली? तुजीच मेंढरं हावरी."

मेलेल्या मेंढरांना हावरं म्हटलेलं बिरदेवला सोसलं नाही. त्यानं त्याच दिवशी घोडं वेगळं हाकलं. वर्षभर मंगळवेढ्याच्या माळावरच कसंबसं भागवलं. आता चारा संपला होता, सोमवारी वाडा निघणार होता, आणि व्यापाऱ्याला होकार द्यायला बिरदेव सोलापुरात आला होता.

त्याआधी लेकीला भेटावं म्हणून तो होस्टेलवर गेला. ऋतुजा राज्यशास्त्रात एम.ए. करत होती. होस्टेलात पुरुषांना बंदी, आणि बाप हा पुरुषच असल्याचं वॉचमनचं ठाम मत पडलं. मग दोघं कंबर तलावाच्या काठी येऊन बसली. उद्या पेपर होता : आंतरराष्ट्रीय संघटना, उगम आणि विकास.

"आप्पा, मी म्हणून दाखवते. तुमी नुसतं ऐका. न्हाय कळलं तर इचारा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणून तर. तुमाला कळलं की मास्तरला कळंल."

तिनं अठराशे पंधरापासून सुरुवात केली. ऱ्हाईन नावाची नदी, काठावर बरीच राज्यं, जो तो आपल्या काठाला नावा अडवायचा. शेवटी सगळ्यांनी मिळून नदीसाठी एक मंडळ केलं. पुढं तारेसाठी केलं, मग टपालासाठी.

"बरूबर हाय," बिरदेव म्हणाला. "आदी काम निगालं, मग मंडळ."

"मग पहिलं महायुद्ध झालं, तवा राष्ट्रसंघ काढला. त्यातनं जपान बाहेर पडला."

बिरदेव सावरून बसला. "का? त्याची बी मेंढरं मेली व्हय?"

"न्हाय ओ. तो चीनमधी घुसला हुता."

"मग त्याचं निराळं. आमी कुणाच्यात घुसलो न्हाय."

ऋतुजानं वहीतून वर पाहिलं. बापाच्या टोपीखालचे केस या वर्षात पार पांढरे झाले होते. तिनं चार पानं एकदम उलटली.

"आता संयुक्त राष्ट्रं. तितनं इंडोनेशिया बाहेर पडला. पासष्ट साली."

"कशापायी?"

"मलेशिया म्हणून शेजारी हाय. त्याला सुरक्षा परिषदेत, म्होरल्या पंगतीत बसवलं म्हणून."

"रागानं, म्हण की."

"रागानंच. लेखी कळवून गेला."

बिरदेवनं एक खडा उचलून पाण्यात टाकला. "मग? त्याचं काय झालं?"

"पावणेदोन वर्षांनी त्यानं तार केली, की आमी परत कामाला लागतो."

"माफी मागून?"

"न्हाय."

"मग ह्यांनी मागितली आसंल."

"ह्यांनी बी न्हाय. आमसभेचे अध्यक्ष म्हणाले, तुमी गेलाच नव्हता. मधी जरा काम थांबलं हुतं, येवढंच. नवा अर्ज नको, काय नको. येऊन बसला आपल्या जाग्यावर."

"हे पेपरला येतं?"

गेल्या पाच वर्षांत ते एकदाही आलं नव्हतं. "येतंय की. लई महत्त्वाचं हाय."

बिरदेवनं खिशातून फोन काढला. शिवप्पाचा नंबर त्यानं रागानं पुसून टाकला होता. तो आपल्याला पाठ आहे, हे आकडे दाबायला लागल्यावर त्याला कळलं.

"कोण?"

"बिरदेव. सोमवारी कितीला निगायचं?"

पलीकडं मेंढरांचा आवाज येत होता. ऋतुजानं वहीचा कोपरा मुडपून मुडपून पार चुरगाळला.

"हे काय इचारणं झालं?" शिवप्पा शेवटी म्हणाला. "दरसाली कितीला निगतो आपण?"

"पाटंला."

"मग?" शिवप्पा अक्कलकोटकडचा; आतलं बोलायचं झालं की त्याची मराठी संपते, कानडी येते. "बारो," तो म्हणाला. ये रे.

फोन बंद झाल्यावरही बिरदेवनं तो कानालाच धरून ठेवला. मग लेकीकडं न बघता तिच्यापुढं केला.

"त्या व्यापाऱ्याला तू सांग. मला लाज वाटतीया."

"काय सांगू?"

बिरदेवनं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"सांग, आप्पा वाड्यात हायत म्हणून."