प्रशिक्षकाच्या रकान्यातलं नाव

भालाफेकीत जागतिक कांस्यपदक आणल्यापासून सगळे तिला 'आपली कन्या' म्हणू लागले होते. त्याआधी सहा वर्षं ती नुसती 'त्या लाँड्रीवालीची पोर' होती. मैदानाची किल्ली मागायला गेली की संघटनेचे चिटणीस म्हणायचे, "मुलीच्या जातीनं इतकं लांब फेकायचं कशाला? आणायला कोण जाणार?"

आणायला आई जायची. दिवसभर इस्त्री करून यायची, भाला पडेल तिथे कपड्यांचा चिमटा खोचायची आणि वर सुनवायची, "कालच्या चिमट्यापर्यंत तरी पोच, मग दमल्याचं सांग."

पदकानंतर महिन्याभरात आई गेली.

आज चिटणिसांनी पुढच्या स्पर्धेचा अर्ज तिच्यापुढे सरकवला. खेळाडू एक, सोबत पदाधिकारी सात. प्रशिक्षकाच्या रकान्यात चिटणिसांचा मेहुणा. गेल्या खेपेला त्याने मैदान पाहिलं होतं, पण विमानातून.

"इथे आईचं नाव लिहा."

"अगं, नियम आहे. प्रशिक्षकाला समक्ष सही करावी लागते. उद्या पाठवून दे त्यांना."

कारकून हळूच म्हणाला, "साहेब, त्या वारल्या. शोकसंदेशावर तुमचीच सही आहे."

"मग तर प्रश्नच मिटला!"

तिने पेनाला टोपण लावलं. "मग माझीही सही नाही."

खेळाडूच्या सहीशिवाय अर्ज जात नाही, आणि अर्ज गेला नाही तर सात बॅगा घरीच. चिटणिसांना घाम फुटला. "पोरी, देशाचं नुकसान करू नकोस."

"देश यातल्या कुठल्या सीटवर बसणार आहे?"

कारकुनाने घसा खाकरला. "साहेब, एक तोड आहे. प्रशिक्षक आईच. पण त्यांना प्रवास शक्य नाही, म्हणून त्यांच्या वतीने मेहुणे."

चिटणिसांचा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं ताठ उभा असलेला नियम एका दमात वाकला.

खिडकीशी बसलेला मेहुणा फुरंगटला. "म्हणजे मी इस्त्रीवालीचा बदली?"

"जमेल का?" तिने विचारलं.

कारकुनाने मेहुण्याचं नाव खोडून आईचं पूर्ण नाव लिहिलं. लाँड्रीच्या हजेरीपटाबाहेर ते नाव तिने दुसऱ्या कागदावर प्रथमच पाहिलं. तिने ते दोनदा वाचलं, सही केली, आणि शाई वाळेपर्यंत अर्ज कुणाच्या हाती दिला नाही.